ओल्डहॅमचा निकाल आणि शिसपेन्सिल

मागच्या अंकात मी जाता जाता एक वाक्य लिहून गेले होते: "आमच्या गावात तीन वर्षांत तीन नेते आपापल्या वॉर्डातच पडले." त्यावर जेवढी पत्रं आली, तेवढी पुरणपोळीला इथला कुठला मैदा चालतो या प्रश्नावरही आली नव्हती. म्हणून यावेळचं सदर निवडणुकीचं, मँचेस्टरजवळच्या आमच्या ओल्डहॅमच्या महापालिकेच्या. स्वयंपाकवाल्यांनी महिनाभर कळ काढावी.

प्रश्न: मावशी, इंग्लंड म्हटलं की लोक लंडनला जातात. तुम्ही या ओल्डहॅममध्ये कशा? – एक कॉलेजकन्या, डोंबिवली

उत्तर: नवऱ्याच्या नोकरीमुळे, आणखी काय! पण गावाचं नाव मला लग्नाच्या कितीतरी आधी ठाऊक होतं. माझे वडील लालबागच्या गिरणीत स्पिनिंग खात्यात होते. लहानपणी एकदा डबा द्यायला गेले, तेव्हा त्यांनी यंत्राच्या बिडाच्या अंगावर उठवलेली इंग्रजी अक्षरं माझ्या बोटाने गिरवून घेतली: प्लॅट ब्रदर्स, ओल्डहॅम. माझं पहिलं इंग्रजी वाचन ते. कापूस कातणारं जगातलं सर्वांत मोठं गाव म्हणून ओल्डहॅम एके काळी मिरवत होतं, आणि प्लॅटची यंत्रं इथून बोटीने मुंबईला जात. आता इथली धुराडी थंड आणि लालबागची पण. मी मात्र त्या अक्षरांच्या गावी येऊन पडले आहे. वडिलांना हे फोनवर सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "यंत्रं चांगली होती गं."

प्रश्न: ताई, माझा मुलगा मँचेस्टरला एमएस्सी करतोय. त्याच्या भाड्याच्या खोलीवर त्याच्या नावाचं मतदानाचं कार्ड आलंय. पासपोर्ट भारतीय, व्हिसा विद्यार्थ्याचा. काही घोटाळा तर नाही ना? फाडून टाकायला सांगू का? – एक आई, चिंचवड

उत्तर: अहो, फाडू नका! घोटाळा नाही, हक्क आहे. भारत राष्ट्रकुलात आहे. राष्ट्रकुलातल्या देशाचा नागरिक इथे रीतसर परवानगीने राहत असेल, तर त्याला मतदार यादीत नाव घालता येतं. महापालिकेला तर मत देता येतंच, पार्लमेंटलाही येतं. तुमच्या चिरंजीवांनी कॉलेजात नाव घालताना कुठेतरी होकाराची खूण केली असणार आणि विसरले असणार. मुलं कशावर सही करतात ते त्यांनाही ठाऊक नसतं.

एक मात्र त्याला बजावून सांगा. ते कार्ड नुसती आठवण आहे, ते नेलं नाही तरी चालतं. पण फोटोचं ओळखपत्र न्यावंच लागतं. मे 2023 पासून इंग्लंडमधल्या महापालिकांच्या मतदानाला हा नियम लागू झाला. आपला भारतीय पासपोर्ट त्यात चालतो. कॉलेजचं ओळखपत्र चालत नाही, आणि मुलं नेमकी तेच गळ्यात अडकवून जातात.

मी पहिल्यांदा इथे मत दिलं तेव्हा माझ्याकडेही भारतीयच पासपोर्ट होता. शाळेच्या जिममध्ये दोन बायका टेबल मांडून बसल्या होत्या, आणि दारात एकाने कुत्रा बांधून ठेवला होता. पोलीस शोधला, दिसला नाही. बोटाला शाई लावतील म्हणून मी डावा हात पुढे केला. बाईंना वाटलं, हात मिळवायचाय. त्यांनी मिळवला.

प्रश्न: नेटवर बघितलं तर ओल्डहॅमच्या 2024च्या निकालात 20च जागा दिसतात. तुम्ही 60 नगरसेवक लिहिलंत. उरलेले 40 कुठे गेले? – निवृत्त बँक कर्मचारी, सोलापूर

उत्तर: बँकेतली नजर! 40 आपापल्या खुर्चीतच होते. आपल्या राज्यसभेचे एक तृतीयांश सदस्य दर दोन वर्षांनी निवृत्त होतात ना, तसाच हा प्रकार. ओल्डहॅममध्ये 20 वॉर्ड, प्रत्येकात तीन नगरसेवक, मुदत चार वर्षं. तिघं एकदम उभे राहत नाहीत. एका वर्षी एक, पुढच्या वर्षी दुसरा, मग तिसरा, आणि चौथ्या वर्षी सुट्टी. 2025 साल असंच सुट्टीचं गेलं. यंदा, 2026 साली, 7 मेला पुन्हा 20 जागा.

याला मेट्रोपॉलिटन बरो म्हणतात. 1974 साली इंग्लंडच्या मोठ्या औद्योगिक पट्ट्यांत अशा 36 बरो तयार केल्या, सहा महानगर काउंट्यांमध्ये (काउंटी म्हणजे आपला जिल्हा म्हणा) वाटून. काउंटीचं वेगळं कौन्सिल आणि खाली बरोचं कौन्सिल, असा दुमजली कारभार होता. थॅचरबाईंच्या सरकारने 1986 साली वरचा मजला पाडला. तेव्हापासून कचरा, रस्त्यावरचे खड्डे, वाचनालयं, बांधकामाची परवानगी, म्हाताऱ्यांची देखभाल, अनाथ मुलांची जबाबदारी असं सगळं बरोच्याच गळ्यात. बर्मिंगहॅमसारख्या काही बरो सगळी निवडणूक चार वर्षांतून एकदाच घेतात, पण आमच्याकडे अजून तिसऱ्या हिश्शाचीच पद्धत आहे.

त्यामुळे निकाल वाचताना आपली सवय मोडावी लागते. लाट कितीही मोठी येवो, तिसराच हिस्सा भिजतो. एका रात्रीत सत्ता उलथली असं क्वचित होतं. उलट, सत्तेतल्या माणसाला दर मे महिन्यात परीक्षा. एका वर्षी डांबर टाकलं की पुढच्या वर्षी आराम, असं चालत नाही, कारण पुढच्या वर्षी त्याच गल्लीत त्याच पक्षाचा दुसरा माणूस मतं मागायला उभा असतो आणि पहिल्याचा हिशोब याच्याकडे मागितला जातो.

2023 हा अपवाद. वॉर्डांच्या सीमा नव्याने आखल्या, म्हणून साठच्या साठ जागा एकदम निवडल्या गेल्या. प्रत्येकाला तीन फुल्या मारायच्या होत्या. निवडून आलेल्या तिघांत सगळ्यांत कमी मतं ज्याला, त्याची मुदत एकच वर्ष. बिचारा पेढे वाटून होतात न होतात तोच परत दारोदार! 2024च्या ज्या 20 जागा तुम्ही बघितल्यात, त्या याच लोकांच्या.

प्रश्न: तीन वर्षांत तीन नेते पडले हे खरं की मसाला? आणि पडले कशाने? – शिक्षक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर: मसाला अजिबात नाही, सर. 2021 साली शॉन फील्डिंग हे कौन्सिलचे नेते होते. फेल्सवर्थ वेस्ट वॉर्डात पडले. त्यांच्या जागी अरूज शाह आल्या, उत्तर इंग्लंडमध्ये कौन्सिलचं नेतृत्व करणाऱ्या पहिल्या मुस्लिम स्त्री. त्या 2022 मध्ये चॅडर्टन साउथमध्ये पडल्या. मग अमँडा चॅडर्टन आल्या, त्या 2023 मध्ये रॉयटन साउथमध्ये पडल्या. तिघंही लेबर, म्हणजे मजूर पक्षाचे. नावांची गंमत बघा: शाहबाई चॅडर्टनमध्ये पडल्या आणि चॅडर्टनबाई रॉयटनमध्ये.

इथे नेता म्हणजे आपला महापौर नव्हे. महापौर वेगळा, वर्षभरासाठी, गळ्यात सोन्याची साखळी घालून शाळेच्या स्नेहसंमेलनाला जाणारा. खरी सूत्रं नेत्याकडे. नेत्याला नगरसेवक आपल्यातून निवडतात, म्हणून नगरसेवकपद गेलं की नेतेपदही त्याच पहाटे गेलं. ओल्डहॅमची वस्ती 2021च्या जनगणनेत सुमारे 2 लाख 42 हजार. 20 वॉर्डांत वाटली की एका वॉर्डात बारा हजार डोकी, त्यात लहान मुलंही आली. मतदानाला येतो साधारण तिघांतला एक. मुंबईचा एकेक वॉर्ड पन्नास हजारांच्या वर. म्हणजे लालबागमध्ये दोन-तीन मोठ्या चाळी रुसल्या तर जेवढी मतं फिरतील, तेवढ्यात इथला अख्ख्या गावाचा नेता घरी जातो.

आता कशाने पडले. माझं मत सांगते, शेजारीण वेगळं सांगेल. पहिलं कारण म्हणजे हे एक गाव नाहीच. 1974 साली ओल्डहॅमला चॅडर्टन, फेल्सवर्थ, रॉयटन, क्रॉम्प्टन, लीस आणि सॅडलवर्थ जोडली. कागदावर एक झाली, मनाने नाही. सॅडलवर्थ तर तोवर यॉर्कशर या शेजारच्या काउंटीत होतं. तिकडची माणसं आजही यॉर्कशरचा पांढरा गुलाब मिरवतात आणि 1 ऑगस्टला यॉर्कशर दिन साजरा करतात. आपल्याला सीमाप्रश्न समजावून सांगायची गरज नाही. अशा ठिकाणी "आमच्या पैशांवर तिकडचं गाव सजवतात" हे वाक्य कायम तयार असतं. फील्डिंगना ज्यांनी हरवलं तो पक्षसुद्धा फेल्सवर्थपुरताच होता, फेल्सवर्थ इंडिपेंडंट पार्टी. त्यांना ना लंडन जिंकायचंय, ना मँचेस्टर.

दुसरं कारण कडू आहे. मुलींच्या लैंगिक शोषणाच्या जुन्या प्रकरणांवरून गावात राग साठलेला होता. जून 2022 मध्ये स्वतंत्र चौकशीचा अहवाल आला. प्रकरणं दडपल्याचा पुरावा मिळाला नाही, पण मुलींच्या संरक्षणात गंभीर चुका झाल्या, असं त्यात म्हटलं होतं. राग खरा होता आणि त्याला कारणही होतं. पण त्या रागावर समाजमाध्यमांत जी विखारी शेती झाली, तिने माणसांना माणसं ठेवलं नाही. 2021च्या जुलैमध्ये शाहबाईंची गाडी पेटवून दिली. नगरसेविकेची गाडी, अहो! खड्डे बुजवायचे की नाही हे ठरवणारी बाई.

पडलेली माणसं उठतात, हेही लिहायला हवं. शाहबाई 2023 मध्ये सेंट मेरीज वॉर्डातून परत निवडून आल्या आणि पुन्हा नेत्या झाल्या.

प्रश्न: तिकडे मशीन नाही म्हणे, कागदावरच मतदान. मग मोजतात कसं आणि भांडणं होत नाहीत का? – पोलिंग एजंट (11 निवडणुका), परळ

उत्तर: तुमच्यासारख्या मुरलेल्या माणसाला मी काय सांगणार! पण एका वर्षी मी मतमोजणीला टेबलावर बसले होते. कुठल्या बरोत ते सांगत नाही. क्रीडा संकुलाचा हॉल, बास्केटबॉलच्या जाळीखाली लांबच लांब टेबलं. रात्री दहाला मतदान संपलं, आणि काळ्या पेट्या येऊन आदळायला लागल्या.

आधी मतं मोजतच नाहीत. आधी कागद मोजतात. केंद्रावरून जितके दिल्याची नोंद आहे, तितके पेटीत आहेत का, ते बघायचं. कागद चेहरा वर करून ठेवायचा, कारण पाठीवर क्रमांक असतो आणि तो कुणाला दिसू द्यायचा नाही. समोर टेबलापलीकडे पक्षांचे लोक उभे. कागदाला हात लावायला बंदी, म्हणून ते फक्त डोळ्यांनी खातात. आम्ही कागद उलटत असताना ते आपल्या वहीत रेघा मारत असतात, चार उभ्या आणि पाचवी आडवी, आपल्या दूधवाल्यासारख्या. अधिकाऱ्याने निकाल सांगायच्या दोन तास आधी त्यांच्या चेहऱ्यावर निकाल लागलेला असतो.

मग उमेदवारागणिक गठ्ठे, पंचवीस-पंचवीसचे. माझा एक गठ्ठा चोवीसचा निघाला. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी परत मोजून तो मला नुसता दाखवला, बोलल्या काही नाहीत. गिरणी कामगाराच्या मुलीला मोजमापात चूक दाखवलेली अजून सलते.

सगळ्यांत मजा असते ती शंकास्पद मतांची. मतदाराचा इरादा स्पष्ट दिसत असेल तर मत धरायचं, असा नियम. फुलीऐवजी बरोबरची खूण चालते, हसरा चेहरा काढला तरी बहुधा चालतो. पण मत देणारा कोण ते ओळखू येईल असं काही लिहिलं, तर बाद. एका कागदावर चारही नावांवर काट आणि खाली सुवाच्य अक्षरात मजकूर: "माझी कचऱ्याची राखाडी पेटी तीन आठवडे उचललेली नाही." अधिकाऱ्याने तो सगळ्या पक्षांच्या लोकांना वाचून दाखवला, सगळ्यांनी मान हलवली आणि तो बाद मतांत गेला. भांडण म्हणाल तर, एक एजंट एवढंच म्हणाला, "या माणसाचा पत्ता मिळाला असता तर!"

मतं सारखी पडली तर चिठ्ठी. यात तुम्ही पुढे आहात: 2017 साली मुंबईच्या 220 क्रमांकाच्या वॉर्डात अतुल शाह आणि सुरेंद्र बागलकर दोघांनाही 5,946 मतं पडली आणि चिठ्ठीने शाहांना निवडलं. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये नॉर्थंबरलँडच्या साउथ ब्लाइथ वॉर्डात काड्या ओढल्या, लांब काडी ती विजयी. ती मेट्रोपॉलिटन बरो नाही, पण काडीचा न्याय सगळीकडे एकच.

प्रश्न: 2024 मध्ये लेबरचं बहुमत गेलं असं वाचलं. मग पळवापळवी, रिसॉर्ट वगैरे? – नगरसेवकाचे मेहुणे (नाव छापू नये), कोल्हापूर

उत्तर: नाव नाही छापत, पण प्रश्नातला अनुभव लपत नाही! बहुमत गेलं हे खरं. गाझाच्या युद्धावरून मुस्लिम वस्त्यांमधले बरेच मतदार लेबरवर नाराज होते आणि अपक्षांना त्याचा लाभ झाला. तरी लेबर सर्वांत मोठा गट राहिला, शाहबाई नेतेपदी राहिल्या, आणि कारभार अल्पमतात चालू राहिला. अंदाजपत्रक मंजूर करून घ्यायचं तर इतरांशी बोलावं लागतं, एवढंच.

रिसॉर्ट लागत नाही, कारण पक्ष सोडायला आडकाठीच नाही. महाराष्ट्रात नगरसेवकांसाठीही 1986चा अपात्रतेचा कायदा आहे. इथे सकाळी पक्ष सोडला, दुपारी अपक्ष म्हणून त्याच सभागृहात दुसऱ्या बाकावर बसलं, संपलं. मला हे आवडत नाही. ज्या चिन्हावर मतं घेतली ते टाकलं तर परत लोकांपुढे जावं, असं माझं म्हणणं. पण इथे हे बोलले की लोक म्हणतात, मत माणसाला दिलं होतं. माणसाचं नाव विचारलं तर आठवत नाही.

तुम्हाला खरी गंमत हवी तर डॉन्कास्टर बघा, यॉर्कशरमधली तीही मेट्रोपॉलिटन बरोच. तिथे मेयर थेट लोकांमधून निवडतात, आपल्या नगराध्यक्षासारखा. मे 2025 मध्ये लेबरच्या रॉस जोन्स 698 मतांनी मेयर झाल्या, आणि त्याच दिवशी सभागृहात 55 पैकी 37 जागा रिफॉर्म या उजव्या पक्षाने नेल्या. थेट नगराध्यक्ष एका पक्षाचा आणि सभागृह दुसऱ्याचं, ही फोडणी आपल्या ओळखीचीच आहे.

प्रश्न: हरलेल्यांची डिपॉझिटं जप्त होतात का? – इयत्ता नववी, सातारा

उत्तर: नाही बाळा, महापालिकेला इथे डिपॉझिटच नसतं. एक सूचक आणि एक अनुमोदक मिळाले की झालं. पार्लमेंटला मात्र 500 पौंड भरावे लागतात.

प्रश्न: मतदानाला पेन्सिल देतात हे वाचून झोप उडाली. कुणी खोडलं तर? – गृहिणी, मडगाव

उत्तर: हीच शंका मला पहिल्या वर्षी आली होती. दोरीने बांधलेली बुटकी शिसपेन्सिल, आपल्या वाण्याच्या दुकानात असायची तशी. पेन्सिलच वापरा असा नियम नाही, आपलं पेन नेलं तरी चालतं. पण पेटीला सील असतं, आणि मोजताना समोर इतके डोळे असतात की खोडायला खोडरबर काढलं तर आधी तेच पकडलं जाईल. शिवाय शाई ओली असताना घडी घातली की दुसऱ्या बाजूला उमटते आणि एकाच्या दोन फुल्या होतात. पेन्सिलीचं तसं होत नाही.

गावातल्या जुन्या टाऊन हॉलचं आता सिनेमागृह झालंय. त्याच्यासमोर 2018 पासून अ‍ॅनी केनी यांचा पुतळा उभा आहे. जवळच्या स्प्रिंगहेडची मुलगी, दहाव्या वर्षी गिरणीत लागली, एक बोट तिथेच गमावलं, आणि पुढे बायकांच्या मताच्या हक्कासाठी कितीदा तरी तुरुंगात गेली. मतदानाच्या दिवशी मी त्या रस्त्याने जाते. पेन मात्र माझं मी नेते, कारण दोरी नेहमी डावऱ्या माणसाला तोकडी पडते.

चिंचवडच्या आईंसाठी, आणि ज्यांची मुलं इकडे आहेत त्या सगळ्यांसाठी: यादीत नाव नसेल तर 20 एप्रिलपर्यंत घालायला सांगा. मतदान गुरुवारी 7 मेला, सकाळी सात ते रात्री दहा. पासपोर्ट बॅगेत आदल्या रात्रीच ठेवू दे. पुढच्या अंकात मैदा.